श्रीलंका शाळांपायी नाही बुडाली, काका

रविवारी सकाळी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी ओट्याशी भांडी घासत होत्या. चहाचा कप ठेवता ठेवता काकांनी त्यांना ऐकवलं, "तुमच्या त्या पंधराशेपायी एक दिवस आपली श्रीलंका होणार बघा!" मावशींना लाडक्या बहिणीचे पैसे मिळतात. त्या काही बोलल्या नाहीत, नळ जरा मोठा सोडला आणि कढई घासायला घेतली. श्रीलंकेत काय झालं हे काकांनाही ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडे होता एक मेसेज, घरच्या ग्रुपवर तोवर तीनदा येऊन गेलेला, दर वेळी वेगळ्या नातेवाइकाकडून.

मेसेज असा: श्रीलंकेनं शिक्षण फुकट दिलं, दवाखाने फुकट दिले, जनता ऐतखाऊ झाली, तिजोरी रिकामी झाली. त्यात सेंद्रिय शेतीचं खूळ. उरलंसुरलं चीननं बंदर बळकावून संपवलं. मग लोक रस्त्यावर उतरले आणि विकासकामं ठप्प झाली. "वेळीच जागे व्हा, दहा जणांना पाठवा."

पहिलाच मुद्दा घ्या, कारण मावशींना बोल लागला तो त्याच्यामुळे. श्रीलंकेत मोफत शिक्षण आलं १९४५ साली, स्वातंत्र्याच्याही आधी. देशानं परदेशी कर्जाची परतफेड थांबवली १२ एप्रिल २०२२ रोजी. म्हणजे फुकट शाळेचं हे विष चढायला ७७ वर्षं लागली? मधल्या काळात २६ वर्षं यादवी चालली, त्सुनामी आली, तरी देशानं परदेशी कर्ज बुडवलं नव्हतं.

फुकट वाटप झालं, ते २०१९ च्या शेवटी, आणि ते भांडी घासणाऱ्या बायकांना झालं नाही. गोटाबाया राजपक्षे नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि १ डिसेंबरपासून व्हॅट १५ टक्क्यांवरून ८ वर आला. आधी महिन्याला १० लाखांची उलाढाल असली की व्हॅटची नोंदणी करावी लागे, ती मर्यादा अडीच कोटींवर नेली. रुपये श्रीलंकेचे, पण तरी अडीच कोटी! महिना दोन कोटींचा धंदा करणारा व्यापारी व्हॅटमधून सुटला. पगारातून कापला जाणारा कर गेला, कंपन्यांचा कर उतरला. करवसुली जीडीपीच्या ८ टक्क्यांच्या आसपास घसरली. त्यावर कोविड आला, पर्यटन बंद पडलं, देशाचं पतमानांकन कोसळलं आणि बाजारातून नवं कर्ज मिळेना. २०१९ अखेर साडेसात अब्ज डॉलरच्या घरात असलेली परकीय चलनाची गंगाजळी मार्च २०२२ मध्ये दोन अब्जांच्या खाली होती. तरी त्याच वर्षी जानेवारीत ५० कोटी डॉलरचे कर्जरोखे पूर्ण फेडले, "थांबा, कर्जाची फेररचना करा" असं तिथले अर्थतज्ज्ञ ओरडून सांगत असताना.

हे मी पदरचं सांगत नाही. १४ नोव्हेंबर २०२३ रोजी श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक असा निकाल दिला की गोटाबाया, महिंदा आणि बसिल हे तिघे राजपक्षे भाऊ, मध्यवर्ती बँकेचे दोन माजी गव्हर्नर आणि काही वरिष्ठ अधिकारी यांनी जनतेच्या विश्वासाचा भंग केला. याचिका करणाऱ्यांत एक माजी ऑलिंपिक जलतरणपटूही होता, हे मला फार आवडलं. त्या प्रकरणात करकपात आहे, रुपयाचा भाव बळंच धरून ठेवणं आहे, अडचणीतल्या देशांना कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे उशिरा जाणं आहे, ते ५० कोटींचे रोखे आहेत. शाळा आणि दवाखाने कुठल्या रकान्यात आहेत, काका?

उलट मार्च २०२३ मध्ये नाणेनिधीनं सुमारे तीन अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर केलं, तेव्हा गरिबांवर निदान इतका खर्च व्हायलाच हवा अशी रेघही आखून दिली. त्याच वर्षी 'अस्वेसुमा' योजनेतून गरिबांच्या बँक खात्यांत पैसे जमा होऊ लागले. दिवाळं निघाल्यानंतर!

लाडकी बहीणचा बोजा मोठा आहे, त्यावर खुशाल भांडा, पण आपल्या राज्याचे आकडे घेऊन भांडा. श्रीलंकेचं बुडालेलं कर्ज परदेशी होतं, बहुतेक डॉलरमधलं, आणि डॉलर नोटा छापून मिळत नाहीत. मतांसाठी केलेली सरकारी नोकरभरती हाही तिथला एक खरा रोग होता. मेसेजात तो नाहीच, नाहीतर तेवढं मी मान्य केलं असतं.

सेंद्रियचं अर्धं खरं आहे. मे २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली आणि नोव्हेंबरात बंदी मागे घ्यावी लागली. तरी पुढच्या हंगामात भाताचं पीक खूप घटलं, चहालाही फटका बसला. मूर्खपणाच होता. पण कर दीड वर्ष आधीच कापले होते.

चीनचंही तसंच. हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांसाठी चिनी कंपनीकडे गेलं, खरं आहे. त्याचे १.१२ अब्ज डॉलर आले ते गंगाजळीत गेले, बंदराचं कर्ज सरकारच्या डोक्यावर तसंच राहिलं. चीनचा वाटा धरून धरून परदेशी कर्जाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास येतो, खुल्या बाजारात विकलेल्या रोख्यांचा त्याहून बराच जास्त. राजपक्षेंच्याच जिल्ह्यात मट्टालाला विमानतळ बांधला, तिथे विमानं येईनात म्हणून गोदामांत भात साठवला. हा हट्ट बीजिंगचा नव्हता.

राहिलं आंदोलन. कोलंबोची जपानी कर्जावरची लाइट रेल सरकारनं स्वतःच रद्द केली, सप्टेंबर २०२० मध्ये. मार्च २०२२ मध्ये कागद नाही म्हणून पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या सत्र परीक्षा पुढे ढकलल्या. गॅससाठी लोक रिकामे सिलिंडर साखळीनं एकमेकांना बांधून रांगेत ठेवत होते. कोलंबोच्या गॉल फेस मैदानात आंदोलकांचे तंबू पडले ते त्यानंतर, एप्रिलमध्ये. हप्ते थांबल्यावर कर्ज देणाऱ्यांनी पैसे अडवले, म्हणून रस्त्यांची कामं अर्धवट राहिली. आंदोलकांनी कुठला जेसीबी अडवला होता?

काका, ग्रुपवर अंगठा टाकू नका. उद्या साडेनऊला मावशी येतील, त्यांच्याशी बोला.