स्पेशल टीचर म्हणजे पगारी आया? त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत तो मेसेज मला सात जणांनी पाठवलाय, त्यातले दोघं आमच्याच सेंटरचे पालक आणि एक माझी नणंद. बघितला नसेल तर थोडक्यात सांगते: बालवाडीतली स्पेशल टीचर (म्हणजे दिव्यांग किंवा वाढीत मागं पडणाऱ्या मुलांना शिकवणारी) नुसतं खेळवते आणि पैसे घेते, मूल बोलत नसेल तर सहा वर्षांपर्यंत गप्प बसा आपोआप बोलतं, घरात तेलुगू-कन्नड बंद करून फक्त मराठी बोला, दिव्यांगाचं सर्टिफिकेट काढू नका शिक्का बसतो, आणि टीचर चांगली असेल तर वर्षात मूल नॉर्मल होतं. खाली हात जोडलेले. मी सोलापुरात तीन ते सहा वयाच्या मुलांबरोबर अकरा वर्षं हेच काम करते म्हणून लिहायला बसले, रात्रीचे साडेदहा झालेत, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

पहिलं, "नुसतं खेळवते". हो खेळवतेच की, चार वर्षांच्या पोराला फळ्यासमोर बसवून शिकवणार का? पण चड्डी घालायला शिकवणं घ्या. तुम्हाला ते एक काम वाटतं, माझ्या वहीत त्याचे सात तुकडे असतात, चड्डी धरणं, पुढची बाजू ओळखणं, बसून एक पाय घालणं, मग दुसरा, गुडघ्यापर्यंत ओढणं, उभं राहणं, कमरेपर्यंत ओढणं. आणि शिकवायचं शेवटून. पहिले सहा तुकडे मी करते, शेवटचा ओढा त्याचा, म्हणजे "मी घातली" हा आनंद त्याला पहिल्याच दिवशी मिळतो, ते जमलं की शेवटचे दोन त्याचे, मग तीन. मदत किती केली तेही लिहायचं, हात धरून करून घेतलं, की नुसता कोपराला हात लावला, की बोटानं दाखवलं, की काहीच लागलं नाही. प्रत्येक मुलाचा असा वेगळा आराखडा असतो, आयईपी म्हणतात, तो आईवडलांबरोबर बसून करायचा, आणि त्यात "बोलायला लागेल" असलं मोघम चालत नाही, "पाणी हवं असेल तर ग्लासकडे बोट दाखवेल, पाचपैकी चार वेळा, तीन महिन्यांत" असं लिहावं लागतं. दाराच्या फटीतून बघणाऱ्याला यातला खेळच दिसणार. शिवाय या कामाला आरसीआयचं म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन लागतं, १९९२ चा कायदा आहे तसा. तुमच्या टीचरला नंबर विचारा, बिनधास्त विचारा.

(आणि "आया" हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्यांनी एकदा आमच्या मावशींबरोबर शी-शूची सवय लावायला एक सकाळ बसावं. बास.)

सहा वर्षं थांबा हे मात्र वाचून माझं डोकं फिरलं. प्रत्येक घरात एक काका असतात जे पाच वर्षांपर्यंत बोलले नव्हते आणि आता थांबत नाहीत, मान्य, असतील. पण तुमचं पोरगं त्या काकांसारखं आहे की त्याला ऐकूच येत नाहीये हे थांबून कसं कळणार? वर्षाचं मूल हाक मारली की वळतं, हवं ते बोटानं दाखवतं, दीड वर्षाच्या आसपास सुटे शब्द येतात, दोन वर्षांला "आई पाणी" असं दोन शब्द जोडतं. यातलं काही नसेल तर आधी कान तपासा, बेरा टेस्ट म्हणून असते, मूल झोपलेलं असताना करतात. मग डॉक्टर, मग आम्ही. ऑटिझम (बोलणं, मिसळणं, वागणं यांत वेगळेपण असणारी मेंदूच्या वाढीतली अवस्था) आहे की नाही हे सांगायचं काम टीचरचं नाहीच, मला जे दिसलं ते तारखेनिशी लिहून डॉक्टरांकडे पाठवायचं काम माझं. आणि पैशाचं म्हणाल तर अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते, २०१३ पासून चालू आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

आता भाषेचं. हे कुणी लिहिलंय त्याला आपलं सोलापूर माहीत नाही. आमच्या पूर्व भागात घरात तेलुगू, गल्लीत मराठी, टीव्हीवर हिंदी, आणि अक्कलकोटकडची आजी असेल तर कन्नड. पिढ्यान्‌पिढ्या पोरं अशीच वाढली, मागावर बसली, दुकानं चालवली, चार भाषांत उधारी मागतात. दोन भाषा ऐकल्यानं मूल बोलायचं थांबत नाही, ज्याला अडचण आहे त्याला ती एका भाषेतही असतीच. उलट विड्या वळणाऱ्या आईला "मराठीतच बोला" म्हणलं की ती बिचारी मोडकंतोडकं दोन वाक्यं बोलते आणि गप्प होते, आणि आई गप्प झाली तर पोरगं कुणाचं ऐकून शिकणार? त्या आईला हजार विड्यांचा हिशोब असतो, तिला "रोज अर्धा तास चित्रांची कार्डं घेऊन बसा" हा सल्ला देणं म्हणजे मस्करी आहे. आम्ही सांगतो, विड्यांच्या तंबाखूचं सुपडं असतं तिथं पोराला बसवू नका, पण आंघोळ घालताना, जेवू घालताना, तुमच्या भाषेत, हाताला लागेल त्या प्रत्येक गोष्टीचं नाव घ्या. माझ्याकडच्या एका पोराचा पहिला शब्द "नीळ्ळु" होता, तेलुगूत पाणी. मला तेलुगू येत नसती तर मी "निरर्थक आवाज" असं लिहून पुढं गेले असते. (येते म्हणजे कामापुरती येते, पालक हसतात माझ्या उच्चारांना.)

सर्टिफिकेटचं पटकन सांगते. तो कागद तुमच्या कपाटात राहतो, पोराच्या कपाळावर नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि पुढं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, लागतं तेव्हा धावपळ करणारे लोक मी दरवर्षी बघते. काढून ठेवा.

राहिलं "वर्षात नॉर्मल". असं कुणी लिहून देत असेल तर तिथून चपला घालून बाहेर या. ऑटिझम किंवा सीपी (सेरेब्रल पाल्सी, मेंदूमुळं हालचालींवर ताबा कमी असणं) म्हणजे ताप नाही उतरायला. माझ्याकडं एक मुलगा आहे, गर्दी आणि भोंगे सहन व्हायचे नाहीत, घरचे तीन वर्षं गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या जत्रेला, गेले नव्हते, सोलापुरात राहून. आम्ही सहा महिने खिशात "घरी" चं चित्र ठेवायचं आणि नको झालं की काढून द्यायचं एवढंच शिकवलं, आधी वर्गात, मग रिक्षात, मग मंडईत. जानेवारीत घेऊन गेले त्याला. आईनं दुसऱ्या दिवशी सांगितलं, वीस मिनिटं थांबला, लांबून पाळणा बघितला, मग कानावर हात न ठेवता स्वतः कार्ड काढून दिलं आणि सगळे परत आले. त्या दिवशीच्या पानावर टिक केली. यंदाच्या आराखड्यात आईनं स्वतः लिहायला लावलंय, अर्धा तास, आणि खेळण्यांच्या दुकानापर्यंत.