सतरा भोकांची शाकारणी

अण्णांनी आयुष्यभर छपराची भोकं बुजवली. चिपळूणजवळच्या आमच्या घरावर मंगलोरी कौलं. दर मे महिन्यात शाकारणी व्हायची आणि तरीही पहिल्या मोठ्या सरीला माजघरात कुठेतरी टप्प वाजायचंच. मग अण्णा खाली पातेलं सरकवायचे आणि काठीने कौल ढोसत बसायचे. असा माणूस सहा महिन्यांसाठी ओहायोला लेकाकडे येतो आणि बघतो काय, तर लेक हातात ड्रिल घेऊन चांगल्या धडधाकट, न गळणाऱ्या पत्र्याला भोकं पाडायला निघालाय.

"किती पाडणार?"

"सतरा."

अण्णांनी चष्मा काढला, पंच्याने पुसला, परत लावला आणि व्हॅनच्या टपाकडे शेवटचं बघून घ्यावं तसं बघितलं.

ही व्हॅन म्हणजे कुणा कुरिअरवाल्याची टाकून दिलेली डिलिव्हरी व्हॅन. कोविडच्या काळात लोकांनी कणीक तिंबायला घेतली, मी ही व्हॅन घेतली. आत पलंग, ओटा, बारा व्होल्टचा फ्रीज सगळं झालं. राहिली होती वीज. त्यासाठी टपावर १०० वॉटची दोन सोलर पॅनल्स, आत १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी. हिशेब मी बायकोला कागदावर समजावून दिला : उन्हाळ्यातला बरा दिवस असेल तर दिवसाला साधारण ७०० वॉट-अवर मिळतील, त्यात फ्रीज, दिवे, पंखा आणि सगळ्यांचे फोन आरामात.

तिने एकच प्रश्न विचारला. "इंडक्शनवर कुकर लागेल का?"

इंडक्शन १८०० वॉटचं. म्हणजे दिवसभराचं सगळं ऊन गोळा करून जेमतेम वीस मिनिटं.

"तीन शिट्ट्या," ती म्हणाली. "गॅसची शेगडी राहू दे."

तर भोकं. या विषयात जगात दोन पंथ आहेत. एक चिकटवादी, ते म्हणतात, पॅनलचे ब्रॅकेट जाड दुहेरी टेपने चिकटवा, गाडीला जखम करू नका. दुसरे भोकवादी, ते म्हणतात, सत्तर मैलांच्या वेगाने वारा पॅनलखाली शिरला की साडेसहा किलोचा तो पाट उडून मागच्या गाडीच्या काचेत जाईल, तेव्हा टेपवाला येणार नाही कोर्टात. द्वैत-अद्वैतावर इतकी भांडणं झाली नसतील. दोन आठवडे मी यूट्यूबवर दोन्हींची प्रवचनं ऐकली. टेपच्या बाजूने मन झुकत होतं, पण तिला पूर्ण ताकद यायला ७२ तास लागतात आणि आमच्या सोसायटीने (सोसायटी इथेही असते, फक्त सेक्रेटरी पत्र इंग्रजीत पाठवतो) असली गाडी दारात ४८ तासांवर उभी करायची नाही असं आधीच कळवलं होतं. तत्त्वज्ञान असं पार्किंगपाशी येऊन सुटतं.

एका पॅनलला झेडच्या आकाराच्या चार पट्ट्या, पट्टीला दोन स्क्रू, म्हणजे दोन पॅनल्सना सोळा. सतरावं वायर आत घ्यायला.

शनिवारी सकाळी शिडी लावली. टप नऊ फुटांवर. अण्णांना वर येऊ देणार नव्हतोच, त्यामुळे त्यांनी शिडी धरण्याचं काम स्वतःकडे घेतलं. शिडी धरणारा माणूस सल्ला देतो, हा त्या कामाचा भागच आहे. मी आधी पेन्सिलने खुणा केल्या. मग पत्रा स्पिरिटने पुसून लख्ख केला, कारण जरा तेलकटपणा राहिला तर फटी बुजवायचं सीलंट धरत नाही. मग ड्रिल टेकवलं आणि हात थांबला.

अडीच मिनिटं थांबला. स्वतःच्या छपराला स्वतः होऊन भोक पाडणं आमच्या रक्तात नाही.

"पाडलंस?" खालून.

"पाडतोय."

"नाही पाडलंस तरी चालेल हो. मी कुणाला सांगणार नाही."

पाडलं. पहिल्याला जीव गेला, सहाव्याला सवय झाली, अकराव्याला मी शीळ घालत होतो. ड्रिलचा पत्र्याचा कीस टपावर सांडतो आणि तो तसाच राहिला तर रात्रीच्या दवाने सकाळपर्यंत तांबडे ठिपके उमटतात. म्हणून घरातला व्हॅक्यूम क्लीनर वर घेतला. समोरचे गोरे आजोबा रोज कुत्रा फिरवतात. त्यांनी मला व्हॅनच्या टपावर गुडघे टेकून झाडलोट करताना पाहिलं आणि आदराने हात हलवला. भारतीय लोक स्वच्छ असतात, असं त्यांचं मत झालं असावं. मग प्रत्येक भोकाच्या कापलेल्या कडेला बारीक ब्रशने गंजरोधक रंग, बाळाला तीट लावावी तसा.

पाणी अडवायला पट्टीखाली लावायची ब्यूटाइल टेप, म्हणजे चिकट रबराची पट्टी, मी खाली दिली आणि म्हटलं, अण्णा, एवढे तुकडे करून द्या. अण्णांनी ती बोटात धरली, ओढली, तिची तार निघाली.

"अरे, हा तर फणसाचा चीक!"

त्यांचा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदा खुलला. ओळखीचं माणूस भेटलं होतं. चीक म्हटल्यावर कोकणातला माणूस काय करतो? आत जातो आणि हाताला खोबरेल चोळतो. अण्णांनी कोपरापर्यंत चोळलं. सोळा तुकडे व्यवस्थित कापले, एकही बोटाला चिकटू न देता, ताटलीत मांडून वर दिले. मला वाटलं, काय सफाई आहे! पहिली पट्टी दाबली, ती जिलबीसारखी घसरली. दुसरी घसरली. मग वास आला.

"अण्णा, तेल लावलंत?"

"न लावता फणस कापतोस तू?"

टप पुन्हा पुसला. टेपचं दुसरं भेंडोळं आणलं. दुपार गेली.

शेवटी पॅनल्स बसली, पत्र्यापासून दोन बोटं वर. खालून वारा खेळावा म्हणून ही फट सोडावी लागते. पॅनलवरचे १०० वॉट प्रयोगशाळेतले असतात, चौरस मीटरला १००० वॉटचं ऊन आणि पॅनल मात्र २५ अंश सेल्सियसवर. प्रत्यक्षात तापलं की वीज घटते. ऊन भरपूर हवं पण अंगाला लागायला नको; लग्नाच्या जाहिरातीतल्या अपेक्षा अशाच असतात. शिवाय या वस्तूला बटण नाही. ऊन पडलं की ती चालू. दोन्ही एकापुढे एक जोडली की ४४ व्होल्टच्या आसपास जातात, म्हणून वायरी जोडेपर्यंत वर सोलापुरी चादर पांघरून ठेवली. अण्णांना हे पटलं. "झोपलेल्या पोराला इंजेक्शन," म्हणाले.

मग परीक्षा. मी बागेची नळी घेऊन टपावर पाणी मारणार, अण्णा आत बसून सांगणार. आत डोकावलो तर त्यांनी घरातली पातेली, डबे, बायकोचा महागाचा बिडाचा टोपसुद्धा आणून भोकांच्या हिशेबाने मांडला होता. सतरा भांडी. मी वीस मिनिटं पाणी मारलं.

"गळतंय!" आतून आवाज आला. त्यात दुःख कमी होतं.

सतरापैकी एकातूनही नाही. मागच्या मालकाने बसवलेल्या पंख्याच्या चौकटीतून थेंब येत होता, नेमका दोन पातेल्यांच्या मध्ये, अण्णांच्या डोक्यावर. त्यांनी वर बघितलं, डबा डावीकडे सरकवला आणि म्हणाले, "आता हे घर वाटतंय."

पंख्याची चौकट बुजवली आणि पुढच्या आठवड्यात सात तास गाडी हाकून आम्ही टेनेसीत ग्रेट स्मोकी माउंटन्सला गेलो. एल्कमाँटच्या कॅम्पग्राउंडला वीज नाही, म्हणूनच तर हा सगळा खटाटोप. पोचलो, गाडी लावली, वीज किती येते-जाते ते दाखवणारं अॅप उघडलं. भर दुपारी बारा वाजता २०० वॉटांपैकी ९ वॉट. वर बघितलं तर झाडंच झाडं, आकाश विचारून घ्यावं लागेल अशी. त्यात पॅनल्स एकापुढे एक जोडलेली, एकावर सावली आली की दुसरंही मान टाकतं. बायको काही बोलली नाही. गॅसवर भात टाकला.

रात्री पाऊस आला. या डोंगरांच्या माथ्यावर वर्षाला ८५ इंचांपर्यंत पडतो, हे मी अण्णांना मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. त्यावर "शिंतोडे," एवढंच म्हणाले होते. दोनच्या सुमारास जाग आली तर डोळ्यांवर उजेड. अण्णा पलंगावर बसून मोबाइलचा टॉर्च छतावर फिरवत होते, एक, दोन, तीन, एकेक स्क्रू. मांडीवर पातेलं.

"झोपा ना अण्णा. नाही गळत."

"तू झोप. मी बघतो."

सकाळी अॅप पाहिलं. रात्रभरात फ्रीजखालोखाल वीज खाल्ली होती अण्णांच्या फोनने.