हेलिकॉप्टरची दोरी लगेच धरा? अजिबात नको!

नाशिकला गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला आणि गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की तो मेसेज ग्रुपवर फिरायला लागतोच, 'पुरात अडकलात तर हेलिकॉप्टरची दोरी लगेच धरा, झाडाला बांधा, पट्टा घालून हात वर करा, शक्यतो टोपलीच मागा, पट्ट्यातून माणूस पडतो'. यातलं बरंचसं पाळलं तर जीवावर बेतेल.

दोरी लगेच धरा म्हणे. अहो ती स्टीलची केबल असते, आणि उडताना हेलिकॉप्टरवर स्थिर वीज साठते, त्यामुळे हूक आधी पाण्याला नाहीतर जमिनीला टेकू द्यायचा, नाहीतर सणकून झटका बसतो. झाडाला बांधायचं तर मनातही आणू नका, मशीन जरा हललं तरी सगळ्यांचाच खेळ खलास, म्हणून तर क्रूकडे केबल तोडायची सोय असते.

हात वर करा हे तर सगळ्यात वाईट. पट्टा पाठीमागून काखेखाली येतो आणि छातीशी आवळतात, हात खाली दाबून ठेवले तरच तो राहतो, वर केले की बनियन निघावा तसा अंगातून निघून जातो आणि माणूस खाली. दारापाशी पोचल्यावर लोक घाबरून कडा पकडतात, तेही नको, विंचवाले (केबल वरखाली करणारं यंत्र चालवणारे) स्वतःच तुम्हाला पाठमोरं फिरवून आत ओढतात.

पट्ट्यातून पडतो हे अर्धं खरं, बेशुद्ध किंवा गळून गेलेला माणूस एकटा लटकवला तर सटकू शकतो, म्हणूनच जवान खाली उतरतो आणि दोघं एकत्र वर येतात. टोपली लेकरांना, म्हाताऱ्यांना बरी, नुसतं आत बसायचं. पण गोदेच्या पुरात वाहती झाडं, वायरी, पाण्याची ओढ, त्यात ती अडकते नाहीतर गरागरा फिरते.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट म्हणजे बराच वेळ गार पाण्यात राहिलेला माणूस. पाण्याचा दाब पायांवरून गेला की उभ्याने उचलताना रक्त खाली उतरतं, बीपी कोसळतं. 1979 च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत आलेल्या वादळात काही जण वाचवले जात असतानाच दगावले. अशाला गुडघ्यांखाली दुसरा पट्टा घालून जवळपास आडवं उचलतात, पण बुडतच असेल तर आधी कसंही बाहेर काढणं आलं.

हे सगळं क्रू वरून बघून ठरवतो, मागणी करायची नसते. गोदाकाठच्या चांदोरी-सायखेड्याकडे छतावर अडकलात तर ताडपत्री, सुटे पत्रे आधी दाबून ठेवा, हेलिकॉप्टरच्या पंख्याच्या वाऱ्याने तेच उडतात.