फ्रिजवरचं कुटुंब

रात्री अडीच वाजता दुसऱ्याच्या किचनमध्ये चोरपावलांनी पाणी प्यायला जावं आणि फ्रिजवर आपलाच फोटो दिसावा, हा अनुभव एकतर पोलिसांना हव्या असलेल्या माणसाला येत असेल नाहीतर मिशनऱ्याला. माझा दुसऱ्या प्रकारातला आहे. एका बाजूला लाइटचं बिल, दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी डाएट चार्ट, आणि मध्ये मॅग्नेटखाली आम्ही, आठ वर्षांपूर्वीचे. नवऱ्याच्या डोक्यावर केस आहेत, थोरलीला पुढचे दात नाहीत, मधला भलतीकडेच बघतोय, धाकटा पाच महिन्यांचा माझ्या मांडीवर भोकाड पसरून बसलाय, आणि उजव्या कोपऱ्यात लाल टोपी घातलेलं एक दोन वर्षांचं पोर आहे जे आमचं नाहीच. ते माझ्या बहिणीचं. ऐन क्लिकच्या वेळी धावत आलं आणि फ्रेममध्ये घुसलं. दुसऱ्या दिवशी फ्लाइट, छापायला द्यायला तासभर उरलेला, म्हटलं असू दे, कोण एवढं बघतंय. खाली तीन मुलांची नावं आणि 'या कुटुंबासाठी प्रार्थना करा' अशी ओळ छापून आम्ही ते कार्ड चर्चच्या मंडळ्यांमधून वाटलं आणि परदेशी निघून गेलो.

तर आठ वर्षांनी आम्ही पाच महिन्यांसाठी घरी आलो. 'घरी' म्हणजे काय ते नंतर सांगते, कारण आमचं घर जाताना भाड्यानं दिलेलं आणि भाडेकरूंची तिसरी पिढी तिथे नांदतेय.

भेटेल तो विचारतो, 'सुट्टीवर आलात?' आता याला पूर्वी फर्लो म्हणायचे, शिपायांच्या रजेचा शब्द. पण लोकांना वाटायला लागलं की हे मजा मारायला येतात, म्हणून हल्ली त्याला होम असाइनमेंट म्हणतात, म्हणजे होमवर्कच जवळजवळ. दर रविवारी वेगळ्या चर्चमध्ये उभं राहायचं, तिकडचं काम सांगायचं, ज्यांच्या पैशांवर आपण तिकडे राहतो त्यांना तोंड दाखवायचं, डॉक्टर-डेंटिस्ट उरकायचे आणि मधल्या वेळात विश्रांती घ्यायची. तो मधला वेळ अजून कुणाला सापडलेला नाही. जुन्या काळचा मिशनरी विल्यम केरी हुशार माणूस. १७९३ साली इंग्लंडहून निघाला आणि १८३४ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला मरेपर्यंत एकदाही परत गेला नाही. एक्केचाळीस वर्षं! लोक म्हणतात केवढी निष्ठा. असेलच, पण मला आता अशी शंका यायला लागलीय की त्याला रविवारच्या रिपोर्टिंगचा अंदाज आला असावा. उरलेल्या वेळात त्यानं १८०५ साली मराठीचं व्याकरणसुद्धा छापलं. घरी जाऊन आला असता तर षष्ठीच्या पुढे सरकला नसता.

पहिला आठवडा जेटलॅगचा. साधारण एका टाइमझोनला एक दिवस असा हिशोब असतो, आणि पूर्वेकडे जाताना जास्त त्रास, कारण अंगातलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा थोडं लांबच चालतं, त्याला दिवस ताणलेला चालतो, आखडलेला चालत नाही. हे सगळं मी मुलांना रात्री दोन वाजता समजावून सांगितलं. धाकटा म्हणाला, 'मग जेवायचं कधी?' पाचही जण टक्क जागे. यजमान भिंतीपलीकडे घोरतायत. बॅगेत बिस्किटांचा पुडा आहे, पण बॅगेला चेन आहे, आणि ती चेन दिवसा इतकी गुमान उघडते ना, रात्री मात्र ट्रॅक्टर सुरू केल्यासारखा आवाज. नवरा एकेक दात सुटा करत उघडत होता, चार मिनिटं लागली. मग पुड्याचा कागद. तो उशीखाली धरून फोडला. आणि मग आम्ही पाच जण अंधारात बिस्किटं चघळत बसलो, चावली तर कुरकुर ऐकू जाईल म्हणून आधी तोंडात भिजवून. धाकट्याला ठसका लागला. घोरणं थांबलं. आम्ही पुतळे. तेवढ्यात पलीकडून आवाज, 'अहो, लाइट लावा की, आम्हीपण जागेच आहोत.'

असे आम्ही पाच महिन्यांत एकोणीस घरी झोपलो. सगळी माणसं प्रेमळ, इतकी प्रेमळ की स्वतःची बेडरूम देतात आणि स्वतः सोफ्यावर, मग सकाळी त्यांची आखडलेली मान-पाठ बघून आपल्याला चहा गोड लागत नाही. आणि प्रत्येक घराची मेख वेगळी. कुठं गरम पाण्याचा नळ डावीकडे तर कुठं वर ओढायचा, कुठं वायफायचा पासवर्ड आजोबांची जन्मतारीख आणि आजोबा बाहेर गेलेले. आम्ही जिथं राहतो तिथं पाण्याचा भरवसा नाही, त्यामुळे आमचा मधला जिथं जाईल तिथल्या बाथरूममध्ये आधी मिळेल ते भांडं भरून ठेवतो. एका घरी बादली मिळाली नाही म्हणून त्यानं फुलदाणी, टूथब्रशचा मग आणि बाळाचा प्लास्टिकचा टब भरून ठेवला. यजमानीणबाईंना वाटलं गळती लागलीय, प्लंबर आला. प्लंबरला मी खरं सांगितलं नाही. देव क्षमा करो, पण त्यानं व्हिजिट चार्ज लावला नाही हेही खरं.

रविवारचं वेगळंच. पाळकसाहेब आठवड्यापूर्वी फोनवर म्हणतात, 'अर्धा तास घ्या.' शनिवारी त्याचे वीस होतात. प्रत्यक्षात वाढदिवस, सूचना, जुन्या कॉयरचं एक आणि नव्या कॉयरची दोन गाणी होऊन आमच्या वाट्याला सात मिनिटं येतात, त्यातली तीन लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडण्यात. मग नवरा चार मिनिटांत आठ वर्षं सांगतो. शाळा कशी उभी राहिली, भाषा शिकायला किती काळ गेला, पहिल्या दोन वर्षांत आपल्याला वाटत होतं आपण 'शांती असो' म्हणतोय आणि प्रत्यक्षात काय म्हणत होतो, ते सगळं गाळून लोकांना हवं ते एकच सांगतो. साप.

आमच्या स्वयंपाकघरात एकदा साप निघाला होता. एकदाच. दोन फुटांचा असेल, आम्हाला बघून तोच घाबरून गेला निघून. पहिल्या चर्चमध्ये तो दोन फुटांचा होता. तिसऱ्यात चार. सातव्या रविवारी त्यानं फणा काढला. अकराव्या चर्चमध्ये नवऱ्यानं लांबी दाखवायला हात पसरले आणि पुरेनात म्हणून पुलपिटच्या, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठाच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं, तेव्हा आमची थोरली पहिल्या बाकावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटली, 'मागच्या रविवारी इथपर्यंतच होता.' मुलांना ते भाषण तोंडपाठ आहे. बाबांनी पॉझ घ्यायच्या आधी धाकटा पॉझ घेतो.

याबाबतीत अदोनिराम जडसन या जुन्या मिशनऱ्याचं मला कौतुक आहे. १८१२ मध्ये अमेरिकेहून निघालेला, ब्रह्मदेशात आयुष्य काढून १८४५ मध्ये, तेहेतीस वर्षांनी, पहिल्यांदा परत गेला. घशाच्या दुखण्यानं आवाज फुटत नव्हता, म्हणून तो हळू बोलायचा आणि शेजारी उभा असलेला माणूस ते मोठ्यानं सभेला सांगायचा. असा माणूस आम्हाला मिळाला असता तर सापाची लांबी वाटेतल्या वाटेत दुरुस्त करून घेता आली असती.

उपासना संपल्यावर दारात ओळ लागते आणि प्रत्येक जण विचारतो, 'मग, तिकडे कसं काय?' सुरुवातीला मी खरंच सांगायला लागायचे. चौथ्या शब्दाला समोरच्याची नजर माझ्या खांद्यावरून चप्पल शोधायला जायची. आता मी 'छान!' म्हणते. 'तिकडे' हा शब्द मात्र सोयीचा, कारण आम्ही नक्की कुठल्या देशात असतो हे अजून कुणाला पाठ नाही. माझ्या सख्ख्या आत्यानं आम्हाला चार देशांत ठेवून झालंय, त्यातल्या एकात समुद्रही आहे, आम्ही समुद्रापासून दोन दिवसांवर. परवा तिकडे भूकंप झाला तेव्हा तिनं घाबरून फोन केला. भूकंप वेगळ्याच खंडात होता, पण फोन आला हे महत्त्वाचं.

परदेशी गेल्यावर माणूस आधी खुश, मग खचलेला, मग रुळलेला असतो आणि परत आल्यावर तोच खड्डा पुन्हा एकदा लागतो, असं समाजशास्त्रज्ञांनी १९६३ सालीच लिहून ठेवलंय, त्या आलेखाचा आकार इंग्रजी डब्ल्यूसारखा. माझ्या डब्ल्यूचा दुसरा खड्डा बँकेत लागला. खातं बंद पडलेलं. चालू करायला ओटीपी. ओटीपी जुन्या नंबरवर. जुना नंबर आता कुणा दुसऱ्याकडे, आणि तो सभ्य गृहस्थ मी तीनदा फोन केल्यावर म्हणाला, 'मॅडम, मी ओटीपी सांगणार नाही, मला मुलानं बजावलंय.' त्याचं काय चुकलं? नंबर बदलायला बँकेत अर्ज करायचा, आणि अर्जाला रहिवासाचा पुरावा. म्हटलं, एकोणीस घरं आहेत, कुठलं लिहू?

हाच प्रश्न मुलांना रोज. 'तू कुठला रे बाळा?' थोरली अशा वेळी मोबाइलमध्ये डोकं घालते. अशा मुलांना थर्ड कल्चर किड्स म्हणतात, रूथ हिल यूसीम नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना हा शब्द काढला: आईबापांची एक संस्कृती, राहतात तिथली दुसरी, आणि मुलांची या दोन्हींच्या मधली तिसरीच. हे मी संडे स्कूलच्या बाईंना सांगत होते तोवर त्यांनी धाकट्यालाच विचारलं. तो म्हणाला, 'या रविवारी इथलाच.'

आणि कपडे. मिशनरी दिसला की लोकांना कपाट आवरायची आठवण येते. पूर्वी म्हणे पिंपच्या पिंप भरून जुने कपडे मिशनऱ्यांना पाठवायचे, आता पिंपाऐवजी सूटकेस, तीही चाक तुटलेली. आम्ही उष्ण प्रदेशात राहतो हे दर महिन्याच्या पत्रात लिहूनही आम्हाला सात स्वेटर मिळाले. नको म्हणता येत नाही, देणारा प्रेमानं देतो. मधल्यानं एक टी-शर्ट बरा बघून घातला आणि तो ज्या चर्चमधून मिळाला तिथंच पुढे एका रविवारी पुन्हा गेला, तर एक मुलगा समोर उभा राहून बघतच राहिला. 'तो माझाय.' 'आता माझाय.' 'त्यावर शाई सांडली होती.' 'इथं,' मधल्यानं काख वर करून दाखवलं. दोघं उपासनाभर मागच्या बाकावर कुजबुजत होते, पाच महिन्यांत त्याला मिळालेला तो एकमेव मित्र.

जायच्या आधी नवा फोटो. एकशेचाळीस क्लिक. ज्यात थोरली हसतेय त्यात नवऱ्याचे डोळे मिटलेले, आणि थोरली पुन्हा हसणार नव्हती, म्हणून तोच घेतला, प्रार्थनेत आहेत असं समजतील.

शेवटचं कार्ड आजींना द्यायचं होतं. आजी आमच्या नात्यातल्या नाहीत, जुन्या मंडळीतल्या, नव्वदीच्या आसपास. त्यांच्याकडे आमचं कार्ड फ्रिजवर नसतं, बायबलमध्ये असतं, आणि कडा बोटांनी इतक्या गोल झाल्यात की पत्त्यातल्या पानासारखं दिसतं. आजींनी मुलांना एका रांगेत उभं केलं, जुनं कार्ड काढलं आणि इमिग्रेशनवाल्यासारखं एकेकाच्या तोंडाशी धरून तपासलं. 'ही दात नसलेली. आले गं बाई. तू तापात पडला होतास तो? बरा आहेस? आणि हा रडका.' मग नवं कार्ड हातात घेतलं. मग जुनं. मग परत नवं. चष्मा पुसला. आणि एकदम आवाज खाली आणून मुलांना म्हणाल्या, 'जा रे, अंगणात खेळा जरा.'

मुलं गेल्यावर माझं मनगट धरलं. डोळे भरलेले. 'पोरी, मला कुणी कळवलं नाही गं. टोपीवाला कधी गेला?'

मी नवऱ्याकडे बघितलं. दोन फुटांच्या सापाला अख्खं पुलपिट चालवणारा माणूस, त्याला त्या क्षणी एक शब्द सुचेना. मीच सांगितलं, आजी, तो बहिणीचा, तो धावत आला होता, तो मजेत आहे, दहा वर्षांचा घोडा झालाय.

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'आठ वर्षं मी रोज त्याला टोपीवालाच म्हणत आले. खाली नाव नाही बघून वाटलं, गडबडीत राहिलं असेल छापायचं.' मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. 'देवाला कळलं असणार कुठला टोपीवाला ते,' त्या म्हणाल्या, 'पण आता नाव सांग नीट.' उशाखालून पेन्सिल काढली आणि नव्या कार्डाच्या मागे त्याचं नाव लिहून घेतलं. 'काय काय मागू त्याच्यासाठी?'

मी म्हटलं, गणित कच्चं आहे.

संध्याकाळी बहिणीला फोन करून सगळं सांगितलं, म्हटलं हसेल. ती हसली नाही. पलीकडे नुसती शांतता. मग म्हणाली, 'थांब थांब. मागच्या वर्षी हा गणितात अगदी काठावर पस्तीस काढून सुटला, तेव्हा बाईसुद्धा म्हणाल्या होत्या कसं झालं कळत नाही.' मग फोन बाजूला धरून तिनं आत हाक मारली, काहीतरी बोलणं झालं, आणि परत येऊन म्हणाली, 'आजींना सांग, यंदा सायन्सपण आहे.'