खुलासा : डार्विनचा भुंगेरा जिवंत सापडलेला नाही

'डार्विनने शोधलेला भुंगेरा १८० वर्षांनी पुन्हा जिवंत सापडला' असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

बीगल जहाजाच्या प्रवासात, १८३२ साली, २३ वर्षांच्या चार्ल्स डार्विनने अर्जेंटिनातल्या बाहिया ब्लांका इथे हा किडा पकडला, हे खरं. पण त्याने त्याचं वर्णन केलं नाही, नावही दिलं नाही. नमुना लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये गेला आणि तिथेच हरवल्यासारखा पडून राहिला. पुढे स्टिलियानोस चाझिमानोलिस या कीटकशास्त्रज्ञाने अभ्यासासाठी मागवलेल्या नमुन्यांत तो निघाला. म्हणजे जे सापडलं, ते टाचणीला टोचलेलं, वाळलेलं शरीर.

'नवी प्रजाती' या शब्दामुळेच हा घोळ होतो. किडा हाती लागला की प्रजाती नोंदली जात नाही. डोकं, मिशा, पंखांवरची कवचं आणि नराची जननेंद्रियं तपासून, जवळच्या प्रजातींशी ताडून, एक आधारनमुना (ज्याच्यावरून प्रजातीची ओळख पक्की होते तो नमुना) ठरवून वर्णन छापावं लागतं. ते काम १२ फेब्रुवारी २०१४ ला, डार्विनच्या जन्मदिनी, पूर्ण झालं. नाव 'डार्विनिलस सेदारिसी'. दातेरी मिशांमुळे त्याची प्रजातीच नव्हे, तर वंशही (जवळच्या प्रजातींचा गट) नवा ठरला.

तेव्हा फक्त दोनच नमुने माहीत होते, दोन्ही जुने. तो आज रानात तग धरून असेल, अशी मलाही मनापासून आशा आहे. पण आशेला बातमी म्हणून पुढे पाठवू नका.