'तसली माणसं' आणि आमचं क्लबहाउस

आज सोसायटीची जनरल बॉडी होती. विषय क्रमांक सात: क्लबहाउसची खोली दर बुधवारी संध्याकाळी दीड तास एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगला भाड्याने द्यायची का? चार मिनिटांत नामंजूर. "खाली लहान मुलं खेळतात हो, तसली माणसं कशाला?" माना डोलल्या. विषय क्रमांक आठ: थर्टीफर्स्टच्या पार्टीची वर्गणी. त्यावर पाऊण तास.

मी तिथे गप्प बसले. खरा राग त्याचाच आहे, म्हणून इथे लिहितेय. (दादाला विचारलंय. "माझं नाव सोडून काय हवं ते लिही," म्हणाला.)

तसली माणसं मी पाहिलीत. अकरा वर्षांपूर्वी, जुलैत, इथेच ठाण्यात, महापालिकेच्या एका शाळेत. धो धो पाऊस. शाळेला आम्ही दोन फेऱ्या मारल्या, बोर्ड नाही की काही नाही. विचारायचं तरी कोणाला, आणि काय म्हणून? शेवटी वॉचमनच बोलला, "मीटिंगला ना? मागच्या गेटनं जा. तिसरी ब." फोनमधून मानही वर केली नाही.

तिसरी ब. भिंतीवर बाराखडी, पन्नाशीचे बाप्ये गुडघे पोटाशी घेऊन त्या चिमुकल्या बाकांवर बसलेले. त्या दिवशी खुली मीटिंग होती, म्हणून मलाही बसता आलं. बंद मीटिंगला फक्त पिणारे. दादाने पाच दिवस घेतली नव्हती, हात लटलट कापत होते. (डॉक्टरांच्या औषधांवर होता. रोज भरपूर पिणाऱ्याची एकदम तोडली तर फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. कृपा करून कोणाला खोलीत कोंडू नका.) एक काका चहा देत होते. दादाच्या हातांकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि त्याचा कप अर्धाच भरला. बाकी सगळ्यांचे पूर्ण. बोलले काहीच नाहीत.

घरी आम्ही काय करत होतो? आईच्या शपथा, गुरुवारचे उपास, बाबांची कुलपं. मी एटीएम कार्ड लपवायचे. कप मात्र काठोकाठ भरून द्यायचो, आणि सांडला की एकमेकांकडे बघायचो.

काकांना ते कळलं, कारण त्यांचाही कप कधीतरी सांडला होता. एवढंच तर आहे एए! १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पक्के पिणारे, एकमेकांशी बोलत बसले तिथून हे सुरू झालं. फी नाही. दारू सोडायची इच्छा असली की झालात मेंबर. शेवटी थैली फिरते, ज्याला जमेल तो टाकतो. आणि आमचे खजिनदार म्हणतात, "फुकटात जागा लाटतील!" अहो, अर्ज वाचायचे तरी कष्ट घ्या. बाहेरच्यांची देणगीही न घेणारी माणसं आहेत ती, भाडं देऊ असं त्यांनीच लिहिलंय. शाळेची इमारत पाडायला घेतली म्हणून दारोदार फिरतायत.

पार्किंगचा मुद्दा खरा आहे. बुधवारी जागा नसते. बरं.

आणि हो, सगळ्यांना जमतंच असंही नाही. दादा सुरुवातीला एएतल्या त्या देवाच्या, 'वरच्या शक्ती'च्या भाषेवर कुरकुरायचा. पक्का नास्तिक. मग त्याने ठरवून टाकलं, आपली 'वरची शक्ती' म्हणजे तिसरी बमधली ही वीस डोकी. तरी दोनदा स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायला. दुसऱ्या वेळी लाजेने तीन महिने तिकडे फिरकला नाही. एका बुधवारी गेला, तर काकांनी विचारलं, "चहा?" आणि पुन्हा कप अर्धाच. हे सांगताना तो अजूनही मध्येच थांबतो.

वहिनीचं कोणी विचारत नाही. घरच्यांसाठी अल-अनॉन असतं, पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनी नवऱ्यांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट चालवलाय, हे आम्हाला कळायलाच दोन वर्षं गेली. अल-अनॉनमधून पहिल्यांदा आली तेव्हा वहिनी हसत होती. म्हणाली, "तिथे एकीने बाटल्या तांदळाच्या डब्यात सापडल्याचं सांगितलं. मला वाटायचं ही अक्कल फक्त आपल्याकडेच."

पिणाऱ्या बायकांचं तर बोलूच नका. तिसरी बमध्ये तेव्हा एकही नव्हती. म्हणजे त्या नसतातच असं समजायचं का?

आता परत चिडतेय. 'तसली माणसं नकोत' म्हणे! नकोत कशी, आहेतच की. सोमवारी सकाळी सुक्या कचऱ्याच्या पोत्यात काय खणखणतं ते आपल्या मावशींना विचारा. बुधवारी येतील ती माणसं निदान न पिता येतील. थर्टीफर्स्टला त्याच हॉलमध्ये कोण कोणाला उचलून लिफ्टपर्यंत नेतं, ते सीसीटीव्हीत आहे.

दादा म्हणतो, "कशाला भांडतेस, शोधू दुसरी शाळा." काका आता नाहीत. चहा दादाच करतो, भयंकर गोड.

विशेष सभा बोलवायला एक पंचमांश सभासदांच्या सह्या लागतात. आमच्या १२० फ्लॅटना चोवीस. सात झाल्यात. सोसायटीतलं कोणी हे वाचत असेल तर रात्री साडेनऊपर्यंत बेल वाजवा.

आणि ठाण्यात जवळची मीटिंग कोणाला हवी असेल तर मेसेज करा. कोणासाठी हवीय ते विचारणार नाही. मागचं गेट कुठलं तेही सांगेन.