माकोंदो ही मिसिसिपीची नक्कल नव्हे

अमेरिकी कादंबरीकार विल्यम फॉकनरने मिसिसिपीत कल्पिलेलं योक्नापटॉफा उचललं, नाव बदललं आणि झालं माकोंदो, म्हणजे कोलंबियाच्या गार्सिया मार्केझच्या 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड'मधलं काल्पनिक गाव. लॅटिन अमेरिकेची जादुई कादंबरी म्हणजे अमेरिकी दक्षिणेच्या 'गॉथिक'ची (प्रेतं, झपाटलेली घरं आणि दडलेली गुपितं यांच्या गोष्टींची) स्पॅनिश नक्कल, असं विधान हल्ली सर्रास ऐकू येतं. ते मला साफ चुकीचं वाटतं.

पहिला पुरावा म्हणून गार्सिया मार्केझचं १९८२चं नोबेल भाषण पुढे केलं जातं. त्यात त्याने फॉकनरला गुरू म्हटलंय, हे खरं. पण तो उल्लेख येतो शेवटाकडे. त्याआधीचं भाषण हुकूमशहा, बेपत्ता माणसं आणि परागंदा झालेल्यांनी भरलेलं आहे. गुरूचं नाव मोकळेपणाने घेणाऱ्याला नक्कलखोर ठरवणं अन्यायाचं आहे.

दुसरा मुद्दा काल्पनिक गावाचा. ती वाट फॉकनरने दाखवली, मान्य. पण त्याच्या मुलखाला झपाटलंय ते गुलामगिरीने आणि हरलेल्या यादवी युद्धाने. माकोंदोला केळीच्या कंपनीने. डिसेंबर १९२८मध्ये कोलंबियातल्या सिएनागा इथे युनायटेड फ्रूट या अमेरिकी केळी-कंपनीच्या संपकरी मजुरांवर लष्कराने गोळ्या झाडल्या. मार्केझच्या कादंबरीत होसे आर्कादिओ सेगुंदो हे पात्र प्रेतांनी भरलेल्या आगगाडीत शुद्धीवर येतो, उडी टाकून गावात परततो, आणि इथे कुणी मेलंच नाही, असं लोक त्यालाच सांगतात. हे मिसिसिपीतून कसं आणणार? माकोंदो हे नावसुद्धा मार्केझच्या जन्मगावाजवळच्या केळीच्या मळ्याचं.

तिसरं म्हणजे, या दाव्यात मेक्सिकोचा लेखक हुआन रुल्फो कुठेच नसतो, आणि माझा खरा राग त्यावर आहे. फॉकनरच्या 'अ रोझ फॉर एमिली'त (१९३०) प्रेत हे गुपित आहे: एमिलीला पुरल्यावर गावकरी माडीवरच्या खोलीचं दार फोडतात, तेव्हा ते दिसतं, शेजारच्या उशीवर एक करडा केस. रुल्फोच्या 'पेद्रो पारामो'त (१९५५) फोडायला दारच नाही. आईला दिलेला शब्द पाळायला मुलगा कोमाला या गावात जातो, भेटेल तो मेलेला निघतो, मध्येच तो स्वतःही मरतो आणि उरलेली गोष्ट थडग्यातल्या बोलण्यातून कळत जाते. फॉकनरच्या 'अ‍ॅज आय ले डाइंग'मधली मेलेली अ‍ॅडीही एका प्रकरणात बोलते खरी. रुल्फोकडे अख्खं गाव बोलतं. 'पेद्रो पारामो' हे पुस्तक लेखकमित्र आल्वारो मुतिसने मेक्सिकोत मार्केझच्या हाती ठेवलं आणि त्याने ते एका रात्रीत दोनदा वाचलं. माकोंदोचं कर्ज मोजायचंच असेल, तर हेही खात्यावर मांडा.

आणि फॉकनरची 'द वाइल्ड पाम्स' १९४०मध्ये स्पॅनिशमध्ये आणली ती अर्जेंटिनाचा लेखक बोर्हेसने. त्या भाषेतल्या कित्येकांना फॉकनर भेटला तो बोर्हेसच्या गद्यातून.